राजाचं क्वार्टर

मे महिन्यात बहिणीची मुलगी पुण्याहून सुट्टीला आली होती. वय वर्षं नऊ. आंबे खाऊन झाले, भाट्याच्या वाळूत लोळून झालं, तरी घरात पाय ठरेना, म्हणून तिला रत्नागिरीचा थिबा पॅलेस दाखवायला घेऊन गेले. दुपार टळत आली होती, पण जांभ्याच्या भिंती तापलेल्याच होत्या. सावलीत उभं राहिलं तरी पाठीला धग लागत होती. राजा थिबा कोण, कुठला, इंग्रजांनी त्याला ब्रह्मदेशातल्या मंडालेहून इथे का आणून ठेवलं, हे मी तिला माझ्या परीने सांगत होते. तिने सगळं ऐकून घेतलं, वरच्या मजल्यावरच्या अर्धगोल खिडक्यांकडे मान वर करून पाहिलं आणि विचारलं, "मावशी, मग तो भाडं किती द्यायचा गं?" मी हसले. म्हटलं, राजा कशाला भाडं देईल? "पण घर सरकारचं होतं ना? तूच म्हणालीस." हो, सरकारचंच. "मग सरकार म्हणालं असतं, आता निघा, तर?" बाजूला खुर्ची टाकून बसलेले चौकीदार म्हणाले, "पोरगी वकील होणार हां ताई तुमची!" तीही हसली आणि जिन्याकडे पळाली.

भाची पुण्याला परत गेली. प्रश्न माझ्याकडे राहिला.

राहायला कारण होतं. मी सरकारी घरांत वाढलेली मुलगी. अण्णा बी अँड सीत, म्हणजे सरकारच्या बांधकाम खात्यात, ओव्हरशियर होते. पुढे त्या पदाला कनिष्ठ अभियंता म्हणू लागले, पण आमच्या ओळखीतले लोक शेवटपर्यंत त्यांना ओव्हरशियरच म्हणत. चिपळूण, राजापूर, वेंगुर्ला, कणकवली, मग रत्नागिरी. प्रत्येक गावात क्वार्टर. भिंती कमरेपर्यंत तपकिरी, वर पिवळट, खिडक्यांना उभे गज, मागच्या दाराशी पाण्याची सिमेंटची टाकी. गाव बदललं तरी सकाळी डोळे उघडल्यावर दिसणारं छत तेच, त्यामुळे आपण कुठे आहोत हे कळायला क्षणभर वेळ लागायचा. आई भिंतीला खिळा ठोकू द्यायची नाही. कॅलेंडर खिडकीच्या गजाला सुतळीने बांधलेलं असायचं, आणि वारा आला की ते फडफडून महिना दिसेनासा व्हायचा. देवांच्या तसबिरी फळीवर टेकवून ठेवलेल्या. आमचं अभ्यासाचं टेबल खात्याचं होतं. त्याच्या खाली उताणं पडलं की फळीच्या पोटावर पांढऱ्या ऑइलपेंटने लिहिलेला नंबर दिसायचा, खात्याच्या आद्याक्षरांसकट. रंगाचा एक ओघळ शेवटच्या आकड्यावरून खाली येऊन तसाच वाळला होता. मी तो नखाने खरवडायची. आई ओरडायची, "अगो, रजिस्टरात आहे तो!"

रजिस्टर म्हणजे डेडस्टॉक रजिस्टर. बदली झाली की त्याची पानं उलटली जात. ऑफिसातला कुणी तरी येऊन पंखे, नळ, दिवे, कड्या, खुर्च्या मोजायचा आणि अण्णा त्याच्या मागून खोलीखोलीतून फिरायचे. चार्ज देणं म्हणतात त्याला. ज्या माणसाने त्या घरात पोरांची तापं काढली, आईचं श्राद्ध घातलं, तो त्या दिवशी पाहुण्यासारखा उंबऱ्यात उभा असायचा. घराबद्दल कटकट मात्र अण्णांनी कधी केली नाही. पगारपत्रकात घरभाडं भत्त्याच्या रकान्यात आडवी रेघ आणि खाली परवाना शुल्काची छोटीशी कपात, एवढा त्या घराचा आणि आमचा कागदोपत्री संबंध. अण्णा समजावून सांगत: आपण भाडेकरू नाही. भाडेकरूला काही हक्क तरी असतात. आपल्याला राहायची परवानगी आहे, नोकरी आहे तोवर. आई हे ऐकून घ्यायची आणि पुढच्या गावी गेल्यावर पुन्हा मागच्या अंगणात अबोली लावायची.

भाचीच्या प्रश्नानंतर मी थिबाकडे या नजरेने बघायला लागले. रत्नागिरीत त्याचं नाव इतकं सवयीचं झालंय की रस्त्याला, स्टॉपला, दुकानांना ते लागून गेलंय आणि त्यामागचा माणूस हरवलाय. १८८५ च्या नोव्हेंबरात मंडाले पडलं. इंग्रजांनी राजाला, राणी सुपायालतला आणि घरच्यांना बोटीवर चढवलं. रंगून, मग मद्रास, आणि १८८६ च्या एप्रिलमध्ये रत्नागिरी. त्या वेळी तो सत्तावीस वर्षांचा होता. रत्नागिरीच का, याचं उत्तर इथल्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला ठाऊक असतं. रेल्वे नाही. वर घाट, खाली समुद्र, आणि मृग लागला की बंदर बंद. नारळी पुनवेपर्यंत गाव जगापासून तुटलेलं. ब्रह्मदेशातून कुणी राजाला सोडवायला येतो म्हटलं तरी यायचं कुठून? सरकारला हे बरोबर उमगलं होतं. पुढे सावरकरांना स्थानबद्ध करायची वेळ आली तेव्हाही, १९२४ पासून १९३७ पर्यंत, हाच जिल्हा निवडला गेला. कोकण रेल्वे पुरती सुरू झाली १९९८ साली. माझ्या लहानपणीही पावसाळ्यात दरड पडली की पेपर दोन दोन दिवस यायचा नाही, आणि त्यात आम्हाला काही विशेष वाटायचं नाही. जे आमचं रोजचं जगणं होतं, ते एका माणसाला शिक्षा म्हणून दिलेलं होतं.

पॅलेस बघायला येणाऱ्यांना वाटतं, राजा आला तो या वाड्यातच उतरला. तसं नाही. आधीची चोवीस वर्षं तो सरकारने दिलेल्या बंगल्यांमध्ये राहिला. आउट्रम हॉल हा त्यातला मुख्य. धाकट्या दोन मुलींपैकी एक मद्रासला जन्मली, एक इथे रत्नागिरीत. चौघी मुली त्या बंगल्यांत वाढल्या, मराठी बोलायला शिकल्या, वयात आल्या. राजाने स्वतःजवळचे दागिने, माणकं विकली. भेटायला कोण येतं, काय आणतं, यावर पोलीस अधिकाऱ्याची नजर. आणि या सगळ्या काळात त्याच्यासाठी कायमचं घर बांधावं हा विचार सरकारदरबारी कुठेतरी फिरत होता. बांधकाम सुरू झालं ते १९०६ च्या सुमारास. १९१० साली वाडा तयार झाला तेव्हा राजा एक्कावन्न वर्षांचा होता. डिसेंबर १९१६ मध्ये तो गेला. म्हणजे ज्या घराला त्याचं नाव आहे, त्या घरात तो जेमतेम सहा वर्षं राहिला. बी अँड सीवाल्याच्या घरात वाढल्यामुळे मला चोवीस वर्षांच्या दिरंगाईचं नवल वाटत नाही. पण घर मिळेपर्यंत घरात राहायचं वय निघून जातं, हे मात्र आतून समजतं.

वाडा सुंदर आहे. हे मी आधीच लिहायला हवं होतं. उतरती लाल कौलारू छपरं, एकावर एक, लांबून बघितली की डोळ्यांत भरतात. भिंतींचा चिरा जवळ जाऊन बघावा. जांभ्याला भोकं असतात, आणि त्या प्रत्येक भोकात पावसाळ्यात हिरवं काहीतरी उगवतं: शेवाळ, एखाद्या नेच्याचा कोंब, कधी इवलंसं पान असलेलं नाव नसलेलं रोप. ऑक्टोबरात ते वाळून तपकिरी होतं आणि वैशाखात झडून जातं. चिऱ्यावर तासणीचे तिरके घाव अजून दिसतात. कुठल्या पाथरवटाचा हात कसा चालत होता तेही ओळखता येतं, कारण काही चिऱ्यांवर घाव डावीकडे कललेले आहेत, काहींवर उजवीकडे. मी एका खांबाच्या मागे बराच वेळ हे बघत उभी होते. ती माणसं इथलीच असणार, आसपासच्या वाड्यांमधली. परदेशी राजाचं घर त्यांनी आपल्या घरासारखंच, आपल्या दगडात बांधलं.

लाकूड मात्र इथलं नाही. सागवान ब्रह्मदेशाचं. इथे जिना चढताना माझा पाय नेहमी जरा थांबतो. थिबाशी युद्ध पुकारायला जे निमित्त झालं ते सागवानाचंच होतं. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन त्याच्या जंगलातून साग तोडून नेत होती. ठरल्यापेक्षा जास्त नेते, पैसे बुडवते, असं म्हणून त्याच्या दरबाराने कंपनीला जबर दंड केला. तो दंड माफ करा, नाहीतर फौज येते, असा इंग्रजांचा खलिता गेला. मग फौज आलीच. राज्य गेलं, जंगल गेलं, आणि पंचवीस वर्षांनी त्याच मुलखातलं लाकूड कठडे, तक्तपोशी, खिडक्या होऊन त्याच्याकडे आलं. संध्याकाळी त्या कठड्यावर हात ठेवला की ऊन जिरलेलं असतं त्यात, लाकूड कोमट लागतं. त्याचाही हात इथे पडत असेल.

तिकडे मंडालेला त्याच्या खऱ्या राजवाड्याचं काय झालं, हेही सांगायला हवं. तो सगळा सागवानी वाडा, सोनेरी मुलाम्याचा. इंग्रजांनी त्या तटबंदीला फोर्ट डफरिन नाव दिलं, आत फौज ठेवली, आणि राजवाड्याच्या दालनांत गोऱ्या अधिकाऱ्यांचा क्लब भरू लागला. पुढे लॉर्ड कर्झनने तो तिथून हलवायला लावला. १९४५ च्या मार्चमध्ये, महायुद्धाच्या धामधुमीत, राजवाडा जळून गेला. आज आहे तो नंतर पुन्हा उभारलेला. एकाचं राहतं घर दुसऱ्याचा क्लब होतं, तिसऱ्याची छावणी होते. भिंतींना त्यात काही म्हणायचं नसतं.

आणि याच मंडालेच्या किल्ल्याच्या आवारातल्या तुरुंगात १९०८ पासून १९१४ पर्यंत लोकमान्य होते. त्यांचा जन्म रत्नागिरीचा, १८५६ चा. शाळेत आम्हाला दोन्ही गोष्टी शिकवल्या, पण वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या धड्यांत, त्यामुळे त्या एकमेकींना कधी भेटल्या नाहीत. रत्नागिरीचा माणूस मंडालेच्या राजाच्या किल्ल्यात बंदी, आणि मंडालेचा राजा रत्नागिरीच्या डोंगरावर बंदी. १९१० च्या नोव्हेंबरात टिळकांनी तिथे लाकडी कोठडीत गीतारहस्य लिहायला घेतलं, पुढच्या मार्चअखेर हातावेगळं केलं. त्याच वर्षी इकडे राजाने नव्या वाड्यात बिऱ्हाड हलवलं. दोघांच्याही दाराशी एकाच सरकारचा पहारा. एकाला निदान सुटकेची तारीख होती. बहादूरशहा जफरलाही असंच उलट नेऊन रंगूनला ठेवलं होतं. तो १८६२ साली तिथेच गेला. माणसं त्यांच्या मातीपासून तोडून ठेवायची, एवढं एक तंत्र त्या राजवटीला पक्कं जमलेलं होतं, आणि त्यासाठी घरं बांधायला ती मागेपुढे बघत नव्हती.

राजा फारसा बाहेर पडत नसे. आता थिबा पॉइंटला बाग झाली आहे, संध्याकाळी पोरं घसरगुंडीवर असतात, जोडपी फोटो काढतात, भेळेचा वास येतो. तिथून खाली भाट्याची खाडी दिसते, राजिवड्याच्या होड्या, पूल, पलीकडे सुरूची बनं आणि समुद्र. राजा डोंगरावरून हाच देखावा बघत बसायचा, असं सगळे सांगतात. मला त्यातला पावसाळा डोळ्यांपुढे येतो. इथला पाऊस वरून पडत नाही, आडवा येतो. माणसं मे अखेरीस ओट्याला झडी बांधतात, झापांच्या नाहीतर हल्ली निळ्या प्लास्टिकच्या, आणि त्या अंधारलेल्या ओटीवर चार महिने काढतात. लाकूड फुगतं, दारं लागत नाहीत, मीठ पाझरतं, कपड्यांना कुबट वास येतो. क्वार्टरमध्ये झडीला मंजुरी नसायची. अण्णा स्वतःच्या पैशाने बांधून घेत. एवढ्या मोठ्या वाड्याच्या व्हरांड्यांतून तो आडवा पाऊस आत येताना, समुद्र दिसेनासा झालेला, बंदर बंद, टपाल नाही, अशा दिवसांत राजाराणी एकमेकांशी काय बोलत असतील? तीस-एकतीस पावसाळे काढले त्याने इथे. कोकणी माणसाला पावसाळा मोजायला कुणी शिकवावं लागत नाही, म्हणून हा आकडा माझ्या अंगावर येतो.

राजाची दुसरी, धाकटी राणी १९१२ साली वारली होती. राजा गेल्यावर सुपायालत हटून बसली: दोघांना ब्रह्मदेशात नेऊनच मूठमाती द्यायची. सरकार परवानगी देईना. देह पेट्यांत तसेच ठेवलेले. शेवटी १९१९ च्या मार्चमध्ये सरकारने गावातच थडगी बांधून ते पुरले, आणि महिन्याभरात कुटुंबाला रंगूनला जायची मुभा मिळाली. सुपायालत १९२५ साली रंगूनलाच वारली. थडगी अजून इथे आहेत, शिवाजीनगरात, चहूबाजूंनी घरांनी वेढलेली. २०१२ साली म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन तिथे येऊन गेले, तेव्हा गावातल्या कित्येकांना ती कुठे आहेत हे पहिल्यांदा कळलं.

म्हणजे भाचीच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. सरकार निघा म्हणत नव्हतं. सरकार जाऊ देत नव्हतं. ज्या दिवशी जाऊ दिलं, त्या दिवशी घरही सुटलं. आमच्या क्वार्टरसारखंच, चार्ज देऊन बाहेर.

त्यानंतर वाडा सरकारी कामाला लागला, तो आजतागायत. स्वातंत्र्यानंतर काही वर्षं शासकीय तंत्रनिकेतनाचे वर्ग तिथे भरत, आणि आमचे अण्णा तिथलेच. डिप्लोमा त्यांनी त्या वाड्यात केला. त्यांना त्या दिवसांबद्दल बोलतं करायला फार लागत नाही. ड्रॉइंग बोर्ड काखेत, टी-स्क्वेअर हातात, गावातून चढ चढून जायचं. खिडकीपाशी उजेड चांगला म्हणून तिथली जागा पटकवायला धावाधाव. सर्व्हेच्या तासाला सगळ्यांना आवारात काढत. साखळी धरायला दोघं, रेंजिंग रॉड घेऊन एक, आणि डम्पी लेव्हलपाशी डोळा लावून बाकीचे रांगेत. राजवाड्याचं आवार, झाडं, चढउतार, कुंपण, सगळं त्यांनी मापलं होतं. "आमची पहिली साखळी राजाच्या अंगणात पडली," असं अण्णा अजून सांगतात, आणि सांगताना त्यांचा आवाज बदलतो. पुढे जिल्हाभर त्यांनी रस्ते आखले, साकव बांधले, त्या सगळ्याचा हात तिथे बसला होता. शेतकऱ्याच्या घरातला, अनवाणी शाळेत गेलेला मुलगा राजवाड्यात बसून इंजिनियर होतो, ही त्या वास्तूच्या आयुष्यातली मोठी गोष्ट आहे. राजाच्या गोष्टीपेक्षा लहान म्हणून ती सोडून द्यावी असं मला वाटत नाही.

पण अण्णा तिथे शिकत होते, त्याच वेळी त्या घराची एक मुलगी त्याच गावात राहत होती.

टुटु. थिबाच्या थोरल्या राजकन्येची मुलगी. वडील गोपाळ सावंत, राजाच्या पदरी नोकरीला. टुटुचा जन्म १९०६ चा; नवा वाडा झाला तेव्हा ती चारेक वर्षांची होती, म्हणजे त्या जिन्यांवरून, व्हरांड्यांतून धावलेलं पहिलं मूल तीच असणार. १९१९ ला सगळे रंगूनला गेले, पण थोरली राजकन्या मुलीला घेऊन परत आली. इथेच. ज्या गावात बापाला शिक्षा म्हणून आणलं, त्या गावात ती आपल्या मनाने परतली. वाड्यात अर्थात जागा नव्हती, वाडा सरकारचा. १९४७ साली ती रत्नागिरीतच वारली. टुटुने इथल्याच एका मेकॅनिकशी लग्न केलं, संसार केला, कष्ट केले. कागदाची फुलं करायची, शेणी थापायची, असं तिला बघितलेली माणसं सांगतात. बोलायची अस्सल इथली मराठी. ती गेली २००० साली. म्हणजे माझ्या शाळेच्या सगळ्या वर्षांत ती या गावात होती. गोखले नाक्यावर, भाजीबाजारात आम्ही एकमेकींच्या शेजारून गेलोही असू. मला कुणी सांगितलं नाही. अण्णांना विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं? ते म्हणाले, "नाव कानावर होतं. पण आम्ही ज्या खिडकीशी बसायचो तिथे ही बाई लहानपणी खेळली असेल, हे डोक्यातच आलं नाही कधी. विचारायला हवं होतं तिला, कुठली खोली कुणाची ते. आम्ही नुसती मापं घेतली." मग बराच वेळ ते पायरीवर बसून होते.

आज वाड्यात प्रादेशिक वस्तुसंग्रहालय आहे, पुरातत्त्व खात्याकडे देखभाल. ते तिथे आहे हे उत्तमच. दुरुस्त्या होतात, छपराची काळजी घेतली जाते, पोरं सहलीला येतात, जुन्या मूर्ती बघतात. जानेवारीत आर्ट सर्कलचा संगीत महोत्सव त्याच्या आवारात होतो. ती रात्र मी सहसा चुकवत नाही. वाड्यावर दिवे सोडलेले असतात, गार वारा खाडीकडून वर येत असतो, सतरंज्यांवर, खुर्च्यांवर शाली पांघरून अर्धी रत्नागिरी बसलेली असते, आणि समोर एखादी मोठी गायिका यमनचा निषाद लावते. तो सूर त्या जांभ्याच्या भिंतींवरून फिरून येतो तेव्हा वाटतं, या घराला इतकी माणसं एकदम, आपखुशीने, कधी भेटली नसतील. पहाऱ्याखाली बांधलेल्या घरात लोक तिकीट काढून येतात आणि मध्यरात्र उलटली तरी उठत नाहीत. मला त्याचा मनापासून आनंद होतो. तरी मध्यंतरात चहा घेताना नजर वरच्या खिडक्यांकडे जाते आणि टुटु आठवते.

सरकार घर देतं, घेतं, दुरुस्त करतं, त्याच्या खुर्च्या मोजतं. त्यात कोण राहिलं, कुणी अबोली लावली, कुठल्या पायरीवर बसून कोण रडलं, याचा रकाना त्याच्या रजिस्टरात नसतो. तो आपणच भरायचा असतो, राहणाऱ्यांनी आणि बघणाऱ्यांनी. राजाची खोली दाखवताना आपण म्हणतो, इथे राजा राहायचा. त्याच दमात पुढचं वाक्य म्हणायला हवं: त्याची नात याच गावात मराठीतून संसार करून गेली, आणि या दालनांत कोकणातली शेकडो पोरं इंजिनियर झाली. चिरा तासणाऱ्यांची नावं मिळणार नाहीत, पण त्यांचे घाव दाखवता येतील. एक बाण आणि दोन ओळी पुरेत. तंत्रनिकेतनाचे जुने विद्यार्थी अजून आहेत, ऐंशीच्या पुढचे. टुटुला ओळखणाऱ्या बायका आहेत. हे सगळं आत्ता विचारून, लिहून, एका खोलीत मांडता येईल. आणखी दहा वर्षांनी विचारायला कुणी उरणार नाही.

म्हणून मी संग्रहालयाच्या कार्यालयाला अर्ज लिहिला आहे. एक खोली द्या, तिच्यासाठी आठवणी, फोटो, जुन्या सर्व्हेच्या वह्या गोळा करायचं काम आम्ही करतो, असा. दोन मैत्रिणींनी सह्या केल्या, अण्णांनी आपली डिप्लोमाच्या वेळची ड्रॉइंगची वही द्यायचं कबूल केलं. परवा रात्री त्यांना मसुदा वाचून दाखवला. त्यांनी भिंग घेऊन स्वतः एकदा वाचला, "कृपया" तीनदा आलं होतं त्यातले दोन खोडले, विषयाच्या ओळीत वास्तूचं नाव पुरं लिहायला लावलं, आणि कागद माझ्या हातात देत म्हणाले, "दोन प्रती ने. एक देशील, दुसरीवर पोच घे. आवक क्रमांक पडल्याशिवाय तिथून उठायचं नाही."